डिमेन्शियाच्या आजी-आजोबांसाठी कॉलनीत दिवसाचं सेंटर : आम्ही इंदूरला कसं सुरू केलं

सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे आणि आम्ही कॉलनीच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस अशा लोकांसाठी सेंटर चालवतो हे कळल्यापासून फोन येतात, कोणाची आई, कोणाचे बाबा, कोणाचा नवरा, आणि प्रत्येकाला अर्धा तास तेच तेच सांगून माझा घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. आम्ही इंदूरला, राजेंद्र नगरच्या बाजूला राहतो. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, शाळेत गणित शिकवायचे, रिटायर झाले. जे लिहिलंय ते ठेच लागून शिकलेलं आहे, थोडं डॉक्टरांनी शिकवलेलं.

आधी डॉक्टर, सेंटर-बिंटर नंतर. म्हातारं माणूस विसरायला लागलं की घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते वय झालं की होतंच असं, दुसरी म्हणते मुद्दाम करतात. दोन्ही चूक. आम्हाला तर पहिल्या डॉक्टरनेच "वय झालं" म्हणून घरी पाठवलं होतं, त्यात आठ महिने गेले. विसरण्याची काही कारणं बरी होणारी असतात, बी-१२ कमी असणं (आपल्या शाकाहारी घरांत तर खूप सापडतं), थायरॉईड, डिप्रेशन, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, आणि औषधं, म्हणजे झोपेच्या गोळ्या, काही अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, वारंवार लघवीला होतं म्हणून दिलेल्या काही गोळ्यासुद्धा डोकं धुकट करतात. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि ती पिशवीच न्यूरोलॉजिस्ट नाहीतर सायकियाट्रिस्टच्या टेबलावर ओता. एमवायला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला, सायकियाट्रीची ओपीडी आहे, प्रायव्हेटच पाहिजे असं काही नाही. ते रक्त तपासतील, स्कॅन सांगतील, घड्याळाचं चित्र काढायला लावतील. आणि माणूस परवापर्यंत बरा होता आणि आज एकदम भलतंच बोलतोय, दिवसा झोपतोय, रात्री ओरडतोय, तर "आजार वाढला" म्हणून बसू नका, बरेचदा लघवीचं इन्फेक्शन असतं, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, न्यूमोनिया असतो, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

डिमेन्शियाचं सगळ्यात मोठं कारण अल्झायमर, त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं दुखणं, बरेचदा दोन्ही एकत्र. २०२३ मध्ये छापून आलेल्या देशभरच्या पाहणीत साठीच्या वरच्या लोकांत ७.४ टक्के आकडा आला, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, तेव्हा आपल्याच घरात हे का असं वाटून घेऊ नका, आमच्या एका गल्लीत तीन घरं निघाली, तिघांनी एकमेकांपासून लपवलेलं. गोळ्यांनी काही जणांना काही काळ फरक पडतो पण गेलेलं परत येत नाही. मग उरतो तो दिवस, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचा, तो कसा घालवायचा.

आणि इथेच आम्ही पहिल्यांदा चुकलो. मी सुरुवातीला शाळेसारखं केलं होतं, चित्रं रंगवा, बॉल फेका, टाळ्या वाजवा. दुसऱ्या आठवड्यात एक काका, आयुष्यभर मिलमध्ये हिशेब लिहिलेले, रंगीत खडू बाजूला सारून मला म्हणाले, "बाई, मला काय येडा समजता?" खरं सांगते, कान तापले माझे. माणसाची आठवण गेली तरी मान कुठे जातो, तो तिथेच असतो. त्या दिवसापासून आमच्याकडे करमणूक बंद, काम चालू. खरंखुरं काम, ज्याचा कोणाला तरी उपयोग आहे. मटर सोलणं, मेथी निवडणं, नॅपकिनच्या घड्या, जुन्या पेपरच्या पिशव्या, आणि वाती.

वातींचं जरा सविस्तर सांगते कारण त्यानेच आमचं सेंटर उभं राहिलं. कापसाचं पॅकेट आणायचं, एका वाटीत थोडं दूध. चिमटीत कापूस घ्यायचा, सरकी राहिली असेल तर काढायची, पाकळ्यांसारखा पसरून मध्ये गोळा करायचा आणि टोकाला दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा, झाली फुलवात. सासूबाई मला ओळखत नाहीत, "ओ बाई" म्हणतात, स्वतःच्या मुलाला भाऊ समजतात, पण पहिल्या दिवशी माझ्या हातातली वात घेऊन त्यांनी उलगडली आणि म्हणाल्या, "सैल झालीये, अशी पेटत नाही." आणि परत वळून दिली. हातांना जे पन्नास वर्षं ठाऊक आहे ते डोक्याच्या खूप नंतर जातं. वाती देवळात जातात, पुजारी येऊन घेऊन जातो, आणि तो सगळ्यांसमोर येऊन घेतो हे महत्त्वाचं, गुपचूप नाही.

पुरुषांना काय द्यायचं हा प्रश्न पडतो कारण त्यांनी घरात कधी कांदासुद्धा चिरलेला नसतो. आमच्या मिलवाल्या काकांना मी जाडी वही दिली, रोज किती वाती, किती पिशव्या, लिहा. बेरीज चुकते, चुकू द्या. पण पाढे! पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीडचे पाढे, खाड खाड. मुलाचं नाव विचारलं तर गप्प होतात आणि दिडकीत सात विचारलं की क्षणात साडेदहा. अकरा वाजले की विचारतात भोंगा झाला का. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, काकांची शिफ्ट अजून चालू आहे. आम्ही म्हणतो झाला, बसा कामाला. कोणी म्हणतं हे खोटं बोलणं झालं. असेल. पण "मिल बंद होऊन किती वर्षं झाली काका" हे त्यांना ऐकवून आम्हाला काय मिळणार, त्यांना रोज नव्याने नोकरी गेल्याचं दुःख.

आता जागा. तळमजला पाहिजे, यात तडजोड नाही. बसल्या जागेवरून संडासचं दार दिसलं पाहिजे, कमोड पाहिजे, धरायला दांडा, आणि बाथरूमची आतली कडी काढून टाका नाहीतर एक दिवस कोणीतरी आत कडी लावून बसेल आणि उघडायची कशी ते आठवणार नाही. आरसा झाका, काहींना आतली म्हातारी कोण ते कळत नाही आणि भांडण सुरू होतं. फरशी चकचकीत नको, ओली वाटते म्हणून पाय टाकत नाहीत. आमच्या दारात एक काळं पायपुसणं होतं, एक काका रोज तिथे येऊन थांबायचे, आत यायलाच तयार नाहीत, दोघांनी धरून ओढावं लागायचं, आम्ही म्हणायचो हट्टी आहेत. मग एक दिवस ते पायपुसणं धुवायला टाकलं होतं आणि काका सरळ चालत आत आले. त्यांना तो खड्डा दिसत होता! दहा दिवस आम्ही एका माणसाला खड्ड्यात ढकलत होतो आणि वर चिडत होतो.

आम्हाला हॉल फुकट मिळाला, फक्त लाइटबिल आणि सफाई आमची. गणपतीचे दहा दिवस मिळत नाही, लग्न असलं की मिळत नाही, ते धरून चाला. रंगपंचमीला तर आम्ही स्वतःच सुट्टी ठेवतो, गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, राजवाड्याकडे असली तरी गल्लीतला डीजे आणि रंगलेली तोंडं बघून हे लोक भेदरतात.

किती लोक घ्यायचे? सहा. पहिले सहा महिने सहाच, कोणी कितीही गळ घातली तरी. तीन माणसांमागे एक मदतनीस आणि एकूण दोनपेक्षा कमी कधीच नाही, कारण एक जण संडासकडे गेली की बाकीच्यांकडे कोण. वेळ अकरा ते तीन. सकाळी आंघोळीतच दोन तास जातात म्हणून अकरा, आणि चार वाजल्यापासून बऱ्याच जणांची घालमेल सुरू होते, ऊन उतरलं की "घरी जायचं, घरी जायचं", म्हणून त्याआधी ते आपल्या घरात पाहिजेत. ने-आण सगळ्यात कटकटीची. एकच ड्रायव्हर ठेवा, रोज तोच चेहरा, तीच गाडी, तोच रस्ता. आमचा ओमनीवाला भैया प्रत्येक आजीला "चलो माताजी, मंडळ" म्हणतो, मंडळ हा एक शब्द त्याने पाठ केलाय, आणि डे-केअर, सेंटर, शाळा हे शब्द आम्ही त्यांच्यासमोर काढतच नाही. कोणासाठी मंडळ, कोणासाठी ऑफिस, सासूबाईंसाठी हळदीकुंकू, वर्षभर.

भाषेचं मात्र नीट ऐका, हे इंदूर-ग्वाल्हेरसारख्या ठिकाणीच घडतं, पुण्याच्या सेंटरवाल्यांना हे सुचणार नाही. आपली माणसं आयुष्यभर बाहेर हिंदी आणि घरात मराठी बोलली. आजार वाढला की बरेचदा नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची राहते. नातवंडं हिंदीत बोलतात, मदतनीस हिंदीत, आणि आजी मराठीत उत्तर देते, तेही साठ वर्षांपूर्वीच्या मराठीत. आमच्याकडची मदतनीस ताई माळव्यातली, स्वभावाने सोनं. एक काकू तिला सांगत होत्या, "परसाकडे जायचंय", म्हणजे संडासला, आणि बोट दाराबाहेर. तिला वाटलं ह्या बाहेर पळतायत, ती दार अडवून उभी, "नहीं माताजी, बैठो". काकू परत परत तेच सांगतायत, ही परत परत बसवतेय, शेवटी साडी खराब झाली आणि काकू रडायला लागल्या. दोष कोणाचाच नाही. त्यानंतर मी भिंतीवर देवनागरीत तीस शब्दांचा कागद लावला, परसाकडे, लघवी, दुखतंय, पोटात कळ, थंडी वाजतेय, तहान, चष्मा, कवळी, नको, पुरे, आणि समोर हिंदी अर्थ. शिवाय आता आम्ही विचारतच नाही, दर दोन तासांनी "चला" म्हणून हात पुढे करतो. "जायचंय का?" विचारलं की उत्तर "नाही" असंच येतं आणि पाच मिनिटांनी पंचाईत.

कोणालाही घ्यायच्या आधी घरच्यांकडून एक पान भरून घ्या. औषधं, डॉक्टरचा नंबर, शुगर-बीपी, कधी पडले, हे तर असतंच. पण खरं कामाचं वेगळंच आहे : कुठल्या नावाने हाक मारली की मान वळते? एक आजी सासरच्या नावाला ढिम्म, माहेरच्या नावाला लगेच हसतात. चहा किती गोड, कशाची भीती, कोणत्या विषयाने भडकतात, काय काम करायचे, कोण गेलेलं आहे ज्याची वाट बघतात. कानाचं यंत्र आहे का आणि ते घालतात का, कारण अर्धे लोक विसरलेले नसतात, त्यांना ऐकूच आलेलं नसतं. घरचे हे पान पाच मिनिटांत भरून देतात, परत पाठवा, सांगा दोन दिवस घ्या.

जेवण साधं, वरण-भात, मऊ भाजी, दही. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात काहींना दिसतच नाही, समोर असून उपाशी उठतात, रंगीत ताटल्या आणा. आणि आता इंदूरकरांनी मन घट्ट करा, पोह्यांवरची शेव. आजार पुढे गेला की गिळणं बिघडतं, कोरडं बारीक घशात अडकतं. शेव द्यायचीच असेल तर पोह्यांत आधी कालवून मऊ होऊ द्या, जीरावण (पोह्यांवरचा मसाला) बेताने. पेंगत असताना घास भरवायचा नाही, ताठ बसवून, छोटा चमचा, एक घास गिळल्यावर दुसरा. पाणी पिताना रोज ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

"घरी जायचंय" याला "अहो हे काय, जाणारच आहोत तीन वाजता" किंवा घरी असताना "हेच तुमचं घर" असं म्हणून काही होत नाही. ते घर बहुतेक लहानपणचं असतं. आम्ही विचारतो घरी कोण कोण आहे, अंगणात काय आहे, विहीर आहे का, आणि बोलता बोलता हात धरून चार पावलं चालतो, बरेचदा एवढ्याने निवतं. नेहमी नाही. कधी कधी फोन करून घरी पाठवावं लागतं आणि त्यात हार नाही.

एकदा दूधवाल्याने फाटक उघडं टाकलं आणि एक काका गेले. पंचवीस मिनिटं. सापडले कोपऱ्यावरच्या पोह्याच्या ठेल्यावर, शांतपणे बसून, ठेलेवाल्याने पैसेसुद्धा घेतले नव्हते. माझे पाय लटपटत होते आणि पोलिसांना फोनवर सांगताना मला आठवेना की त्यांनी कपडे कोणते घातलेत. तेव्हापासून रोज गाडीतून उतरले की मोबाइलवर प्रत्येकाचा पूर्ण उभा फोटो, फाटकाला घंटा, आणि आतल्या खिशाला किंवा ब्लाउजच्या आत शिवलेली पट्टी, नाव आणि दोन नंबर. गळ्यातलं कार्ड काढून फेकतात. हरवलं की आधी अर्धा तास आपणच शोधू असं करू नका, लगेच ११२.

आता घरच्यांबद्दल, कारण सेंटर अर्धं त्यांच्यासाठी आहे. पहिल्या महिन्यात सुना-मुली सोडून जात नाहीत, दारातच उभ्या. त्यांना हाकला. आणि घरी जाऊन काय करायचं तर झोपायचं. मी स्वतः पहिले चार तास मिळाले तेव्हा कपाट आवरलं, मूर्खपणा. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईने दुपारी झोपलंच पाहिजे नाहीतर आधी तीच आडवी होणार. महिन्यातून दोनदा आम्ही घरच्यांनाच बसवतो, चहा-पोहे, आणि एक नियम, मुलगे पण आले पाहिजेत, फक्त सुना नाही. तिथे लोक पहिल्यांदा मोठ्याने बोलतात की मी परवा आईवर हात उगारला. कोणी उपदेश करत नाही. पुढच्या वेळी त्या घरी रात्रीपुरतं कोण जाऊ शकतं ते ठरतं. आणि पुण्या-मुंबईहून ननंदा फोनवर म्हणतीलच, "आईला पाळणाघरात टाकलं?" त्यांना प्रेमाने सांगा, पंधरा दिवस येऊन राहा. आमच्याकडे त्यानंतर तो विषय निघालेला नाही.

कागदपत्रांचं उशीर करू नका. मृत्युपत्र, बँकेत जॉइंट नाव, नॉमिनी, हे सगळं माणसाला समजतंय तोवर. लोक म्हणतात आमच्याकडे मुखत्यारपत्र आहे, पण देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात ते टिकत नाही, वकिलाला आत्ताच विचारा. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, केंद्राच्या पेन्शनरांना ऐंशीनंतर ऑक्टोबरपासून देता येतो, आणि तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून बँकेत खेटे घालू नका. सत्तरीनंतर आयुष्मानचं कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण ते हॉस्पिटलच्या उपचारांसाठी, असल्या सेंटरच्या फीसाठी नाही. मदत पाहिजे असेल तर ज्येष्ठांची एल्डरलाइन १४५६७, आणि तुमचं स्वतःचं डोकं फिरायला लागलं तर टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, लाजू नका.

पैशांचं थोडक्यात. मोठा खर्च तीनच, मदतनिसांचे पगार, गाडी, जेवण. आम्ही फी तीन पायऱ्यांत ठेवली, ज्याला जेवढी झेपते, कोण किती देतं ते फक्त खजिनदाराला माहीत. पगारात कंजूषी नको, सारखी माणसं बदलली की ह्या लोकांचं सगळं विस्कटतं. रजिस्ट्रेशन करायचं तर मध्यप्रदेशात १९७३ च्या सोसायटी कायद्याखाली होतं, पण आम्ही आधीपासून असलेल्या मंडळाच्या नावाखाली सुरू केलं आणि ते बरं पडलं, नाहीतर पहिलं वर्ष कागदांतच गेलं असतं.

कोणाला नाही म्हणायचं हेही ठरवा. ताप, जुलाब, अचानक बिघडलेलं माणूस त्या दिवशी नको. जो मारतो त्याला आधी डॉक्टरकडे, कुठे दुखत असतं ते सांगता येत नसतं म्हणूनही मारतात, एका आजींच्या बाबतीत दुखरी दाढ हे कारण निघालं. आणि एक वेळ अशी येते की गाडीत चढणं-उतरणंच त्यांना थकवतं, येताना होते त्यापेक्षा वाईट होऊन तीन वाजता परत जातात, तेव्हा थांबायचं. अशा दोघांच्या घरी आता आमच्यातलंच कोणीतरी आठवड्यातून एकदा जाऊन बसतं, म्हणजे सून बाजार करून येते.

बाकी फोनवर विचारण्यापेक्षा सोमवार, बुधवार, शुक्रवार अकरानंतर येऊन बघा. रिकाम्या हाती येऊ नका, आता सीझन आहे, दोन किलो मटर आणा, सोलायला माणसं आहेत.